रमण्याचा वारस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. एक-दोनदा अगदी ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात कुणीतरी चहा आणला आणि मी चहा प्यायले. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीने बरंच आहे. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही.

माझं नाव मंगल. आयुष्य वनस्पतिशास्त्रात गेलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आता नांदेडला असते. हिमायतनगर-किनवट भागात मला अजून 'झाडवाल्या बाई' म्हणतात. शाळांच्या कार्यक्रमांना बोलावतात, हातात रोप देतात, फोटो काढतात. मी रोप घेते, हसते, आणि आता ही कुंडी ठेवायची कुठे, या काळजीत घरी येते. यातली गंमत फक्त मला ठाऊक आहे. मी झाडांची कधीच नव्हते. मी गवताची होते.

गवताची! अहमदपूरला बाबांचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक विचारायचं, "पोरगी काय करायली?" बाबा छाती फुगवून सांगायचे, "गवतावर पीएचडी करायली." गिऱ्हाईक हातातलं कापड खाली ठेवायचं. मग हळूच, "मंग म्हशी किती हायत तुमच्याकडं?"

आपल्या भाषेतच बघा ना. एखाद्याला काडीची किंमत नसते. कुणी कुणाला कस्पटासमान लेखतं. गवताच्या बाजूने बोलणारी एकही म्हण मला आठवत नाही. तुम्हाला आठवली तर मनात ठेवा. मी मात्र ऐन विशीत या काड्यांच्या प्रेमात पडले, आणि त्याला कारण होता रमणा.

हिमायतनगरच्या पुढे किनवटच्या बाजूला जाताना उजव्या हाताला एक लांबलचक माळ चढत जातो. त्याला रमणा म्हणत. निजामाच्या वेळी घोड्यांसाठी राखलेलं गवत, असं जुनी माणसं सांगायची. घोडे गेले, निजाम गेला, गवत राहिलं. वैशाखात पाहिलंत तर तिथे काही नाही—मुरूम, दगड, गवताचे काळे पडलेले बुडखे. पण दसरा झाला की या! कंबरेइतकं गवत, त्यातल्या कुसळीला तांब्याचा रंग चढलेला, पवना वाऱ्यावर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर होतोय, पायाखाली रोशा चिरडला की वास थेट डोक्यात. चंडोल सरळ वर जायचा आणि वरच गात राहायचा. मी थकत नसे. आता गुडघे बोलतात, तेव्हा बोलत नसत.

तिथेच मला झुबेदा भेटली.

मी भिंग घेऊन, पुस्तक मांडीवर उघडून एका गवताशी झटत बसले होते. फुलोरा आलेला नव्हता, आणि फुलोऱ्याशिवाय गवत ओळखणं म्हणजे नाव-गाव न विचारता सोयरीक जमवणं. मागून हसण्याचा आवाज आला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान बाई, ओढणी डोक्याला घट्ट बांधलेली, हातात विळा. तिने माझ्या हातातली काडी घेतली, कांडं दाताखाली धरलं, थुंकली आणि म्हणाली, "पवना हाय. एवढ्यासाठी एवढं मोठं पुस्तक?"

तिच्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या रमण्याचं गवत कापून पायथ्याच्या गावात पेंढ्या विकत. माहेरही त्याच गावातलं, धंदाही तोच. लिहायला-वाचायला तिला येत नसे. पण आम्ही एक खेळ खेळायचो—ती ओढणी डोळ्यांवर ओढून घ्यायची, मी एकेक काडी तिच्या हातात द्यायची. ती चुरगाळायची, वास घ्यायची, चावायची, आणि नाव सांगायची. वीसपैकी वीस. एकदा मी लबाडी केली. खाली ओढ्याकाठच्या काळ्या रानातून पवना आणला आणि वरच्या काड्यांत मिसळला. तिने चावला, तोंड वाकडं केलं. "पवनाच हाय. पण आपला न्हाई. खालचा हाय, काळ्या मातीचा. रमण्याचा मुरमावर वाढतो, तो गोड लागतो." मी दोन्ही चावून पाहिले. मला काही फरक कळला नाही. तिला कळला होता.

चार वर्षं मी तिच्या मागे हिंडले. दिवसभर हिंडून बसलो की ती माझ्या साडीच्या काठातली कुसळं एकेक करून उपटून काढायची, म्हणायची, "अख्खा रमणा अहमदपूरला नेती का गं?" मी तिच्या घरी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी खायची. आम्ही लिंगायत, माझ्यासाठी ती वेगळं भांडं राखून ठेवायची, मी न सांगता. माझ्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी पाहून तिने एकदाच विचारलं होतं, हे काय. मी सांगितलं, आमचा देव, गळ्यातच असतो. बाबा लहानपणी सांगायचे की तो छातीपाशी असतो म्हणून त्याला सगळं ऐकू जातं, खोटं बोललेलं तर आधी. झुबेदा म्हणाली, "बरं हाय की. मशिदीपर्यंत जायाला नको."

आता ते एक सांगते, ज्यावर हे सगळं येऊन थांबतं. कार्तिकात गवत कापून होत आलं की ही माणसं एक पट्टी तशीच सोडायची. टेकडीच्या मागच्या अंगाला, शंभर-सव्वाशे पावलांची. तिला विळा लावायचा नाही, जनावर सोडायचं नाही. ते गवत उभ्या-उभ्या वाळायचं, बी झडायचं, वाऱ्याने आणि मुंग्यांनी माळभर जायचं. त्या पट्टीला ते 'वारस' म्हणत. दिवेलागणीला घरात दिवा लावला का विचारतात ना, तसं कापणीच्या शेवटच्या दिवशी झुबेदाची सासू विचारायची, "वारस सोडला का?" पावसाने दगा दिला, कडब्याची पेंढी दिसेनाशी झाली, म्हशी विकायची पाळी आली, त्या वर्षीसुद्धा त्यांनी वारस कापला नव्हता. मी हे माझ्या प्रबंधात लिहिलं. परीक्षकांनी त्या पानावर खूण केली होती.

तर असं होतं. मुद्द्यावर ये, मंगल.

पुढची बरीच वर्षं मी एका संस्थेत होते, उजाड जमिनी पुन्हा हिरव्या करण्याचं काम करणाऱ्या. संस्थेचं नाव सांगत नाही, दोष तिचा नाही. नोकरी दर वर्षी नव्याने मिळायची. अकरा वर्षं मी तात्पुरती होते. तात्पुरत्या माणसाचं टेबल दाराजवळ असतं, येणारा-जाणारा त्यावर पिशवी ठेवतो. अशात वृक्षलागवडीची एक मोठी योजना आली आणि जमिनींची यादी मागवली गेली. यादीत रमणा होता. पाहणी करून तक्ता भरायचा होता, आणि तक्त्यात एक रकाना—'जमिनीचा सध्याचा प्रकार'. शेती, वन, कुरण, पडीक. चारांतला एक शब्द लिहायचा. कुरण लिहिलं तर ती जमीन यादीतून बाद. पडीक लिहिलं तर खड्डे, रोपं, तारेचं कुंपण, दहा वर्षांचं काम आणि त्या कामाला एक कायमचा प्रमुख.

आमच्या संचालकांनी—आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो—मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता दडपण आणतील. आणलं असतं तर किती बरं झालं असतं! आज त्यांच्या नावाने बोटं मोडता आली असती. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, गवतातल्या तुम्ही जाणकार. कुरण की पडीक? तुम्ही म्हणाल ते."

मी म्हणेन ते.

मी पाहणी वैशाखात केली. का? कार्तिकातल्या पाहण्या माझ्याकडे होत्या, चार वर्षांच्या, वह्या भरून. फोटोही होते, तांबूस गवतात झुबेदा छातीपर्यंत बुडालेली. पण मी वैशाखात गेले, भर दुपारी, आणि मुरमाचे फोटो काढले. बुडख्यांचे काढले नाहीत. बुडखे आले असते तर कुणीतरी विचारलं असतं, हे काय. मग घरी येऊन, हात धुऊन, चांगल्या अक्षरात लिहिलं—पडीक.

माझ्या अक्षराचं सगळे कौतुक करायचे.

नोकरीसाठी लिहिलं, असं म्हणून मोकळं होता येईल. पण ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं सांगायला जास्त लाज वाटते. मला दिसायचं होतं. वीस वर्षं मी अशा गोष्टीवर घालवली होती जी दाखवायला नेलं की पाहुणे म्हणायचे, "छान, पण झाडं कुठायत?" मला एक जंगल हवं होतं, मी उभं केलेलं, बोट दाखवता येईल असं. गवताला कुणी हार घालतं का? ज्या गवतावर माझा जीव होता त्याचीच मला चारचौघांत लाज वाटायला लागली होती. असं होतं का हो माणसाचं? माझं झालं.

मृगाच्या आधी जेसीबी आले. उतारावर पाणी अडवायला लांबच लांब चर खणायचे होते. माळाची कातडी सोलावी तसे ते निघाले. तिसऱ्या दिवशी झुबेदा आली. तोवर तिचा नवरा वारला होता, पोरगा लातूरला फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात लागला होता. हातात विळा होता—जून महिन्यात विळ्याचं काय काम? सवयीने आणला असेल. तिने आधी चराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गावात तो शब्द पोचला होता.

"पडीक कुणी लिहिलं?"

मी म्हणाले, "वरून आलं."

आपल्याकडे सगळं वरूनच येतं ना. पाऊसही आणि आदेशही. तिने मान हलवली. वरून आलेल्याशी कोण भांडणार? मग म्हणाली, "तू भांडली असशील."

प्रश्न नव्हता तो. मी नुसतं गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मी म्हणाले, "लई भांडले."

तिचे डोळे भरले. माझा हात धरून म्हणाली, माझ्यासाठी तू मोठ्या लोकांशी वैर घेतलं. आणि मग तिने तो प्रश्न विचारला, तिची सासू विचारायची तोच. "वारस सोडला का?"

"सोडलाय," मी म्हणाले. "मागच्या अंगाला. तिथं चर पडणार न्हाई. तेवढं मी मिळवलंय."

शपथ तिने मागितली नाही. माझा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ होता. त्या क्षणी माझा हात गळ्यातल्या डबीकडे गेला आणि मी पदर सारखा केल्याचं दाखवलं.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, झालं, हीच ती चूक. नाही. आणखी आहे. चौथ्या दिवशी जेसीबी टेकडीच्या मागे गेला. मी तिथे होते. कार्तिकात सोडलेला वारस तसाच उभा होता, पिवळा पडलेला, पाऊस यायची वाट पाहणारा. आणि ते मशीन चालवणारा माणूस—त्याचं नावही मी विचारलं नव्हतं—गवत पाहून थांबला. तो कुणा शेतकऱ्याचा असणार, राखलेलं गवत त्याला कळलं. त्याने खाली वाकून विचारलं, "मॅडम, हितं बी मारू का? राखल्यावानी दिसतंय."

बघा, कसं आलं होतं समोर. एक शब्द. 'नको' म्हटलं असतं तर आदल्या दिवशीचं खोटं तिथल्या तिथे खरं झालं असतं. मी झुबेदाला सांगितलेलं सगळं नाही, पण तेवढं एक तरी. शंभर-सव्वाशे पावलं, एवढंच.

पण नकाशावर रेघा पुऱ्या काढलेल्या होत्या. पट्टी सोडली असती तर सरांनी विचारलं असतं, इथे का सोडलं? मी सांगितलं असतं, इथे राखलेलं गवत आहे. मग त्यांनी विचारलं असतं, गवत आहे तर बाकीचं पडीक कसं? एक विटकर काढली की भिंत हलते. मी त्या माणसाकडे पाहिलं आणि मान हलवली—हो. त्याने आणखी एकदा विचारलं नाही. मी पाठ फिरवून जीपकडे गेले. आवाज येत होता. वाळलेलं गवत मशीनखाली कडकडतं, ओलं गवत नुसतं दबतं.

मोठ्याने मी काही बोललेच नव्हते. नुसती मान हलवली होती. कितीतरी वर्षं मी स्वतःला याच फरकावर जगवलं.

त्या पावसाळ्यात गिरिपुष्प लागलं, करंज लागला, थोडा सुबाभूळ. गिरिपुष्पाला वाढायला काय लागतं? पाच वर्षांत माळ गर्द हिरवा दिसायला लागला. मी कायम झाले. टेबल दारापासून खिडकीपाशी गेलं. सत्कार झाले. रमण्याच्या तोंडाशी एक फलक लागला, त्यावर माझं नाव आहे. सावली पडली तसं उरलंसुरलं गवतही गेलं. खाली नुसता पालापाचोळा. मी तिथे उभी राहून चंडोलाचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला आहे. चंडोल झाडीत येत नाही, हे मी दुसऱ्यांना शिकवते.

झुबेदाने चर पडले त्याच वर्षी म्हशी विकल्या आणि पोराकडे लातूरला गेली. गवतच नाही तर गावात राहून करणार काय? तारेच्या कुंपणाआत तिला कुणी सोडत नसे; जाताना मला भेटून गेली. म्हणाली, "वारसाकडं बघत जा."

मग दसऱ्यानंतर तिचा फोन आला. सुनेने लावून दिला होता. इकडचं तिकडचं झालं आणि तिने विचारलं, "कुसळ आलं का?" मी म्हणाले, आलं. तिला तेवढ्याने होईना. "कसं आलंय, सांग की." मी सांगितलं. पहिल्या वर्षी दोन वाक्यांत उरकलं. दुसऱ्या वर्षी जरा जास्त. आणि मग, हे कसं सांगू, मला त्या फोनची ओढ लागली. दसरा जवळ आला की मी वाट बघायला लागायची. फोन आला की दार लोटून घ्यायची, डोळे मिटायची आणि सांगत सुटायची: यंदा पाऊस उशिरापर्यंत होता म्हणून पवना कंबरेच्या वर आहे, कुसळी तांबडी झालीय, टेकडीच्या मागे वाऱ्याला आवाज आहे, एक खोकड उठून पळालं, शेपूट फुललेलं. पलीकडे झुबेदा "हाव... हाव..." करत ऐकायची. मध्येच म्हणायची, "रोशाचा वास येतो का गं?" मला खरंच यायचा. माझ्या स्वतःच्या घरात, बंद खोलीत, नाकात रोशा भरायचा आणि डोळ्यांतून पाणी यायचं. त्या फोनपुरता रमणा असतो. मी एकटी असताना तो येत नाही. तिने विचारलं तरच येतो. तो मी मारला, आणि त्याच्यासाठी झुरतेही मीच. आहे की नाही तऱ्हा?

तिच्या भाच्याने एकदा तिला सांगितलं, फूफी, वर सगळी झाडी झाली, गवत कुठलं आलं. तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. मला स्वतःच फोनवर सांगितलं, हसत हसत, "त्याला काय म्हाईत? मागच्या अंगाला कोण जातंय बघायला? मंगल सांगती तेच खरं."

ती यायचं म्हणायची. एकदा वारस डोळ्यांनी बघते. मी टाळायची. यंदा रस्ता खोदलाय. यंदा ऊन फार आहे. यंदा मी मुंबईला चाललेय. मग तिची शुगर वाढली, आणि एका वर्षी सुनेचा फोन आला की अम्मीचे डोळे गेले. मी फोन ठेवला. आणि पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. दुःख नंतर आलं, चांगलं आलं, रात्रंदिवस आलं. पण सगळ्यांत आधी वाटलं ते—सुटले. आता ती बघणार नाही.

हे वाक्य मी आजपर्यंत मनातसुद्धा पुरं केलं नव्हतं.

गेली काही वर्षं वारं फिरलंय. आता मोठमोठे लोक सांगतात की माळ म्हणजे उजाड जमीन नव्हे, गवताळ रानात झाडं लावू नका. मलाही व्याख्यानाला बोलावतात. मी छान बोलते. 'पडीक' या एका शब्दाने आपण किती माळ घालवले ते सांगते; मुली वहीत लिहून घेतात. कुणीतरी विचारतं, मग तुम्ही लोकांनी तेव्हा लावली कशी? मी म्हणते, त्या काळी आम्हाला कळत नव्हतं. सगळे समजूतदारपणे माना हलवतात. मला कळत होतं. त्या जिल्ह्यात तेव्हा हे नीट कळणाऱ्या दोनच बायका होत्या. एकीला लिहिता येत नव्हतं, आणि दुसरीचं अक्षर चांगलं होतं.

मागच्या अंगाची झाडं काढून पट्टी परत उभी करता आली असती का? थोडी आली असती, बी बाहेरून आणून, वर्षानुवर्षं राबून. त्याचंच तर मी शिक्षण घेतलं होतं. पण त्यासाठी अर्ज करावा लागला असता, आणि अर्जात कारण लिहावं लागलं असतं.

यंदा दिवाळीनंतर तिचा फोन आला. आवाज बारीक झालेला. म्हणाली, "सांगू नको यंदा. मूठभर आणून दे. पवना आण, रोशा आण. वारसातला. हातात धरते."

मी गाडीने हिमायतनगरला गेले. आधी रमण्यावर गेले, उगाचच. टेकडीच्या मागे जाऊन पाचोळा पायाने बाजूला केला, वाकून पाहिलं, इतक्या वर्षांनी काय सापडणार होतं? मग स्टेशनाकडे परतताना रुळांच्या कडेला, काळ्या रानाला लागून थोडा पवना उभा दिसला. रोशाचेही दोन-चार ठोंब होते. बरोबर नेलेल्या विळ्याने कापलं, ओल्या फडक्यात बांधलं. दुसऱ्या दिवशी एसटीने अहमदपूरवरून लातूर. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं, "गणपतीला दुर्वा का?" मी हो म्हणाले. एवढी सवय झालीय.

झुबेदा पलंगावर बसली होती. लहान झाली होती. माझा आवाज ऐकून दोन्ही हात पुढे केले, आधी माझा चेहरा चाचपला, मग साडीचा काठ धरून बोटं फिरवली. कुसळ शोधत होती. सापडलं एक. ते उपटलं आणि हसली. मी फडकं सोडून गवत तिच्या हातात दिलं. सून दारात उभी राहून बघत होती. झुबेदाने रोशा चुरगाळून नाकाला लावला, बराच वेळ. मग पवना घेतला. कांडं दाताखाली धरलं.

मी तिचं तोंड बघत होते. मला वाटलं, आता. आता होऊ दे. मी काही न बोलता सगळं होऊन जाऊ दे.

ती चावायची थांबली. काडी तोंडातून काढून हातात धरली.

"हे रमण्याचं न्हाई," ती म्हणाली. "खालचं हाय. काळ्या मातीचं."

तिने चाचपत माझा हात शोधला आणि त्यावर थोपटलं.

"टेकडी चढवली न्हाई ना गं? गुडघे दुखत असतील. तुझं बी वय झालं." काडी तिने टाकून दिली नाही, उशीजवळ ठेवली. "राहू दे. वारस कुठं जातोय? पुढच्या साली आण."

"आणते," मी म्हणाले.